लाळेऱ्याची उलटी बाजू

धाकट्या बहिणीला बाळ होणार हे कळल्यावर मी विचारलं, "काय भरून देऊ?" ती लगेच म्हणाली, "लाळेरी दे ताई. कितीही दिलीस तरी कमीच पडतील." झबली-टोपडी तर भरायची होतीच, पण सुरुवात लाळेऱ्यांपासून केली.

मी भरतकाम बरीच वर्षं करते. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, रुमाल. या सगळ्या वस्तूंची सुलटी बाजू लोक बघतात आणि उलटी बाजू कुणी बघत नाही. बाळाच्या कपड्याचं तसं नसतं. फूल आपल्याला दिसतं आणि त्या फुलाच्या गाठी बाळाच्या छातीला लागतात. त्यात लाळेरं दिवसभर ओलं राहणार, चावलं जाणार, रोज धुतलं जाणार. हे एकदा डोक्यात बसल्यावर कापड, दोरा, टाका, नक्षी या सगळ्याची निवड मी उलट्या बाजूकडून करायला लागले.

लाळेरं तीन थरांचं करायचं ठरवलं. वर पातळ पण घट्ट विणीचं कॅम्ब्रिक, मध्ये फ्लॅनेल, मागे टर्किश टॉवेलचं कापड. भरतकाम फक्त वरच्या थरावर, आणि तेही थर जोडण्याआधी. म्हणजे सगळे दोरे आणि त्यांची टोकं आतल्या आत बंद होतात आणि अंगाला लागतं ते फक्त टर्किश. तयार लाळेरं आणून भरायचं असेल तर सुई दोन्ही थरांतून आरपार न नेता वरच्या थरातूनच फिरवावी लागते. ते जमतं, पण हात अवघडतो आणि टाका एकसारखा येत नाही. मला विचाराल तर हाताने भरायचं असेल तेव्हा लाळेरं स्वतःच शिवावं. त्याची शिलाई अगदी सोपी असते.

तिन्ही कापडं कापण्याआधी गरम पाण्यात साध्या साबणाने धुऊन घेतली. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि फ्लॅनेल व टर्किश कॅम्ब्रिकपेक्षा जास्त आटतात. न धुता शिवलं तर मागचे थर आकसतात आणि पुढचा थर फुगून बसतो. भरलेल्या जागेचं तर आणखी वाईट होतं. कापड आटतं, दोरा तेवढा आटत नाही, मग नक्षीभोवती चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत. नव्या कापडावरची खळ आणि कारखान्यातली रसायनंही या धुण्यात बरीचशी निघून जातात. कपडे मऊ करणारं द्रव्य मात्र टाकलं नाही. त्याचा पातळ लेप तंतूंवर बसतो आणि कापड पाणी कमी शोषतं. लाळेऱ्याचं तर कामच शोषून घेण्याचं!

लाळेऱ्याचा आकार आधी कापायचा नाही. चौकोनी तुकड्यावर आकार आखायचा, आत नक्षी भरायची, धुऊन इस्त्री करायची आणि मगच कात्री लावायची. कापलेला छोटा तुकडा कापड ताणून धरणाऱ्या रिंगमध्ये नीट बसत नाही. शिवाय गळ्याची गोलाई कापली की तिथलं कापड तिरक्या धाग्यावर येतं आणि हाताळता हाताळता ताणलं जातं.

नक्षी कुठे घ्यायची यावर आईची आणि माझी बरीच चर्चा झाली. पहिला विचार छातीच्या मध्यभागाचा. पण हनुवटीखालची ती जागा सगळ्यात जास्त भिजते, आणि दाट भरलेली जागा पाणी शोषत नाही, लाळ तिच्यावरून ओघळून बाजूला जाते. "मग कोपऱ्यात घे," असं मी म्हणाले. त्यावर आई म्हणाली, "कोपराच तर आधी तोंडात जातो." ती बरोबर होती. शेवटी खालच्या कडेपासून जरा वर, मध्यापासून थोडं बाजूला असा पट्टा ठरला. नक्षीही भरीव न ठेवता रेषांची ठेवली. मासा, कासव, पान, ढग. बाह्यरेषा आणि आत दोन-चार टाके. कापड बरंचसं मोकळं राहतं, पाणी शोषत राहतं आणि उलट्या बाजूला दोऱ्यांचा थर साचत नाही.

छापासाठी मी खिडकीच्या काचेवर कागद चिकटवून त्यावर कापड धरते. उजेडात रेषा दिसतात, पेन्सिलने हलक्या गिरवायच्या. पाण्याने पुसली जाणारी पेनंही मिळतात, पण त्यांची रेघ आधी गार पाण्याने पूर्ण काढून मगच इस्त्री करायची. उष्णतेने तो रंग कापडात पक्का बसू शकतो. उलट, इस्त्रीच्या उष्णतेने नाहीशी होणारी पेनं असतात, त्यांची शाई जात नाही, फक्त दिसेनाशी होते. कडाक्याच्या थंडीत, म्हणजे शून्याखाली बऱ्याच अंशांवर, ती रेघ पुन्हा उमटते. बाळाच्या कपड्यात अशी शाई ठेवायची इच्छा झाली नाही. साधी पेन्सिल बरी. बारीक टोकाने हलकी ओढली तर दोऱ्याखाली झाकली जाते आणि उरलेली धुण्यात निघते.

दोऱ्यावर जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. भरतकामाच्या नेहमीच्या लडीत सहा पदर असतात आणि लांबी साधारण आठ मीटर. लाळेऱ्यासाठी मी दोनच पदर वापरले, बारीक रेषेला एक. पदर एकेक करून ओढून काढायचे आणि मग परत जुळवायचे, म्हणजे त्यांच्यातला पीळ मोकळा होतो आणि टाका सपाट बसतो. सुईत ओवायचा दोरा हाताच्या कोपरापर्यंत, फार तर ४५ सेंटीमीटर. लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा घासला जाऊन झिजतो. सुयांचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, त्यामुळे दोन पदरांना आठ किंवा नऊ नंबरची भरतकामाची सुई पुरते.

चमकदार रेयॉनचा दोरा मोहात पाडतो. जरीचाही. पण रेयॉन ओला झाला की कमजोर होतो, आणि सुती धागा ओला झाला की उलट जास्त बळकट. सदा ओल्या राहणाऱ्या कपड्यासाठी निवड तिथेच संपते. जरीचा दोरा तर टोचतोच. सुती दोऱ्याला थोडी चमक हवी असेल तर मर्सराइज्ड दोरा असतोच. जॉन मर्सर या इंग्रजाने १८५० साली या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. सुती धागा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवला की तंतू फुगतो, मजबूत होतो आणि रंग जास्त चांगला धरतो. चमक मात्र मर्सरला साधली नव्हती. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने तो धागा ताणून धरून हीच प्रक्रिया केली, तेव्हा ती रेशमासारखी झाक आली. आज आपण ज्या लड्या सहज उचलतो त्यांच्यामागे हे दोघं आहेत.

रंग पक्का आहे का हे प्रत्येक लडीचं वेगळं बघितलं. दोऱ्याचा तुकडा गरम पाण्यात भिजवायचा, पांढऱ्या सुती कापडाच्या दोन घड्यांमध्ये ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची. कापडावर डाग उमटला की ती लडी बाजूला. लाल, गडद निळा, जांभळा आणि काळा यांना मी जास्त संशयाने बघते. ओळखीच्या कंपनीच्या लडीचीही परीक्षा घेतली, कारण हे कापड बाळ चोखणार आहे. रंग लाळेत टिकतो का हे बघणारी वेगळी प्रयोगशाळेतली चाचणी असते. जर्मनीचं डीआयएन ५३१६० हे मानक त्याचंच. घरी तेवढं शक्य नाही, पण गरम पाणी, साबण आणि इस्त्री यांतून सुखरूप बाहेर पडलेला रंग मला चालतो.

रंग कोणते, यावर बहिणीचं मत फिकट आणि माझं ठळक. जन्मल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं आणि त्याची नजर ठळक फरकाकडे जाते, हे मी तिला ऐकवलं. "अगं पण स्वतःच्या गळ्यातलं लाळेरं ते बघणार कसं?" इति बहीण. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रंग शेवटी कडेवर घेणाऱ्यासाठीच असतात. अर्धी फिकट केली, अर्धी ठळक.

आता टाके. सॅटिनचा भरीव टाका लांब ठेवला की बाळाची बोटं त्यात अडकतात, दोरा ओढला जातो आणि आसपासचं कापड गोळा होतं. म्हणून कुठलाही टाका पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लांब जाऊ द्यायचा नाही, असं मी ठरवून घेतलं. उलटी टीप, दांडीटाका आणि साखळी टाका हे माझे भरवशाचे. साखळीची कडी बारीक ठेवायची. लेझी-डेझीच्या पाकळ्या दिसायला गोड, पण त्यातली प्रत्येक पाकळी म्हणजे मोकळा फास. पाकळी छोटी असेल आणि मध्ये एक सरळ टाका घातला असेल तरच घ्यावी. गाठीचा टाका, म्हणजे फ्रेंच नॉट, माशाच्या डोळ्यापुरता. झबल्याच्या पाठीवर तो अजिबात नको. बाळ बहुतेक वेळ उताणं असतं आणि तेवढीशी गाठही त्याला सारखी टोचत राहील.

दोरा सुरू करताना गाठ मारायची नाही. दोन पदरांसाठी मी एकच पदर दुप्पट लांब घेऊन मधोमध दुमडते, दोन्ही टोकं सुईत ओवते आणि मागे राहिलेल्या फासातून पहिला टाका काढून घेते. गाठही नाही आणि लोंबणारं टोकही नाही. संपवताना उलट्या बाजूच्या टाक्यांखालून सुई दोन-तीन सेंटीमीटर नेते, एका टाक्याला वळसा घालून परत तशीच मागे आणते आणि मग कापते. एका ढगातून दुसऱ्या ढगात जाताना मागून दोरा ओढत न्यायचा नाही. अंतर सेंटीमीटरभर असलं तरी दोरा तोडून नव्याने सुरुवात.

लाळेऱ्यात हे सगळं आत बंद होतं, म्हणून थोडं इकडेतिकडे चाललं असतं. झबली, मोजे आणि हातमोजे यांना मात्र अस्तर नसतं. मोज्याच्या आत सुटा राहिलेला दोरा किंवा केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा अडवू शकतो. डॉक्टरांना ही अडचण चांगली माहीत आहे. इंग्रजीत तिला हेअर टूर्निके म्हणतात. बाळ फक्त रडतं, सांगू शकत नाही, आणि मोज्याच्या आतलं बोट कुणी लगेच बघत नाही. हे माहीत झाल्यावर मोजे आणि हातमोजे मी भरलेच नाहीत. बहिणीने गळ घातली, "अगं नुसतं एक छोटं फूल," तरी नाही. टोपड्यावर भरलं, पण त्याला आतून मलमलीचं अस्तर लावलं. झबल्यांच्या नक्षीवर मागून इस्त्रीने चिकटणारं मऊ, ताणलं जाणारं जाळीदार अस्तर बसवलं. कडा गोल कापल्या, कारण टोकदार कोपरा धुण्यात आधी सुटतो.

झबली दोन तऱ्हांची होती, मलमलीची आणि होजिअरीची. मलमल साधी. रिंगमध्ये हलकी ताणा, भरा, काम थांबवलं की रिंग काढून ठेवा, नाहीतर वळ राहतो. होजिअरीने मात्र दमवलं. हे फासांनी विणलेलं, ताणलं जाणारं कापड रिंगमध्ये ओढून बसवलं तर नक्षी ताणलेल्या कापडावर भरली जाते आणि रिंग काढली की सगळं आकसून गोळा होतं. म्हणून आधी मागून आधाराचं कापड कच्च्या टाक्यांनी जोडायचं, मग न ओढता रिंग लावायची. सुई गोल टोकाची घ्यायची, ती धागा फाडत नाही, फटीतून जाते. वरून पाण्यात विरघळणारी पारदर्शक फिल्म ठेवली तर नक्षी तिच्यावरच काढता येते आणि टाके कापडात रुतत नाहीत. हीच फिल्म टर्किशवर भरायलाही लागते, नाहीतर टाका त्या फासांमध्ये बुडून दिसेनासा होतो.

होजिअरीच्या गळ्याभोवती वेल काढायची माझी फार इच्छा होती, पण ती सोडावी लागली. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे पाव भाग असतं. गळा ताणला जातो म्हणूनच ते झबलं डोक्यातून जातं, आणि सलग टाक्यांची रांग तो ताण अडवते. वेल खाली घेराच्या कडेला उतरवली.

सजावटीच्या बाकीच्या सामानाची यादी छोटी होत गेली. मणी, टिकल्या, मोती, गोंडे, शोभेची बटणं सगळं बाद. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी छोट्या भागांची एक चाचणी आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाची, तिरप्या तळाची नळी. तिची खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. सुटून निघालेला भाग तिच्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकू शकतो असं धरतात. त्या मापाने आपल्या सजावटीच्या डब्यातलं जवळपास काहीच उरत नाही. कितीही पक्कं शिवा, रोज चघळल्यावर दोरा झिजतोच. त्याऐवजी कापडाचे आकार कापून लावले, आणि कडेने बारीक काजटाका. कडा आत दुमडून लावल्या, कारण नुसत्या चिकटवलेल्या कडा धुण्यात उसवतात.

नाड्यांचंही तसंच. युरोपातलं ईएन १४६८२ हे मानक सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांमध्ये गळ्याशी आणि टोपीला ओढायच्या नाड्या ठेवू देत नाही. लाळेरी त्यात मोडत नसली तरी विचार तोच, त्यामुळे बांधायच्या नाड्या न लावता मागे टिचबटणं बसवली. जोराने ओढलं तर ती उघडतात. हुक-लूपची, म्हणजे वेल्क्रोची पट्टी सोयीची असते खरी, पण ती धुण्यात बाकीच्या कपड्यांचे धागे ओढते, भरतकामाचे तर आधी. आणि झोपवताना लाळेरं काढून ठेवायचं हे बहिणीला दोनदा बजावलं.

नाव मात्र जन्मानंतरच भरता आलं, आणि सगळ्यात मजा त्यात आली. देवनागरी अक्षरं भरायला जरा वेगळी बुद्धी लागते. मी आधी अक्षरं उभी करून घेते, उभ्या दांड्या दांडीटाक्याने आणि गोलाया बारीक उलट्या टिपेने. शिरोरेखा सगळ्यात शेवटी, एका दमात. ती आधी ओढली तर कापड त्या रेषेत आवळतं आणि खालची अक्षरं तिला लोंबकळल्यासारखी दिसतात. अक्षराची उंची दीड सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवली तर जोडाक्षरं बुजतात. वेलांटी आणि मात्रा एका पदरावर, अनुस्वाराला गाठीचा टाका. बहिणीच्या लेकीच्या नावात अनुस्वार आहे, त्यामुळे ती एक गाठ मला मनसोक्त मारता आली!

जोडणी मशीनवर केली. टाचण्यांऐवजी कापडाचे चिमटे वापरले आणि भरतकामाला बसताना व उठताना सुया मोजल्या. तीन थरांच्या कपड्यात राहिलेली सुई बाहेरून दिसत नाही. तयार झाल्यावर प्रत्येक लाळेरं मुठीत चुरगाळून बघितलं, मग एकदा धुतलं आणि जाड टॉवेलवर उलटं ठेवून मागून इस्त्री केली, म्हणजे टाके चेपत नाहीत.

सगळी वापरात आली. बहीण घाईत असते, ती नक्षी बघून लाळेरं निवडत नाही, हाताला जाड लागेल ते उचलते. त्यामुळे दोन थर फ्लॅनेलचं केलेलं कासव कायम धुण्यात आणि मी जीव ओतून भरलेला, पातळ अस्तराचा ढग कायम घडीत. पुढच्या खेपेला सगळ्यांत फ्लॅनेलचे दोन थर घालणार आहे. ठळक रंग टिकले, फिकट पिवळा मात्र डागांत हरवला. तिथे बहिणीने हार मानली.

आता तिला बाह्यांची, पुढून पाणी न झिरपणारी मोठी लाळेरी हवी आहेत. त्या कापडावर थेट भरता येत नाही. सुईचं प्रत्येक भोक तिथेच राहतं आणि त्यातून पाणी आत जातं. म्हणून वेगळ्या कॅम्ब्रिकच्या तुकड्यावर भरून तो तुकडा खिशाच्या रूपात फक्त कडांनी जोडायचा, म्हणजे भोकं पडली तरी शिलाईच्या रेषेपुरतीच. खिसा तसाही लागणार होताच, सांडलेलं झेलायला. कासव तेच, पण यावेळी गडद हिरव्या दोऱ्याने.